१०८ कॅज्युअल्टीच्या दारात का अडकते?

डॉक्टर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दीड वर्षापासून तुम्ही १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहात. गळीत हंगामात एका रात्री साडेदहाला घाटाच्या वळणावर ऊसतोड मजुरांची ट्रॉली उलटली. तुम्ही सगळ्यांत आधी पोचलात, तिघांना घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात आलात आणि तिथं दारातच तुमची पन्नास मिनिटं गेली. वर ‘न कळवता कसे आणले?’ म्हणून तुम्हालाच बोलणी खावी लागली. तुम्ही तर कॉल सेंटरला कळवलं होतं. तेवढ्या वेळात मागं राहिलेल्या दोघांना लोकांनी पिकअपमध्ये टाकून आणलं. तुम्ही विचारताय की गाडी आणि रुग्णालय यांना जोडणारं एखादं अ‍ॅप किंवा वायरलेस आलं तर हे थांबेल का, आणि आम्ही आमच्या बाजूनं काय करतो.

मी सतरा वर्षं कॅज्युअल्टीत आहे, त्यातली नऊ इन्चार्ज सिस्टर म्हणून. त्या रात्री तिथं मी असते तर कदाचित मीही तुमच्यावर ओरडले असते, आणि ते चूकच झालं असतं.

तुम्ही निरोपाबद्दल विचारलंय, पण तुमच्या हकिगतीत मला दोन गोष्टी दिसतात. निरोप निघाला, पण ज्याच्या हातात पेशंटची ट्रॉली आणि सलाईन असते त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, ही पहिली. दुसरी मला जास्त मोठी वाटते. तुमची गाडी दारात अडकली आणि घाटातल्या दोघांना गाडीच उरली नाही. मोठ्या अपघातात आम्हाला आत खाटा कमी पडतात हे सगळ्यांना दिसतं. दारात उभी असलेली प्रत्येक अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे रस्त्यावर कमी झालेली एक गाडी असते, हे आतल्या माणसाला दिसत नाही. मलाही पहिली चार-पाच वर्षं दिसलं नव्हतं.

आधी निरोपाचं बघू. शेतातल्या माणसाचा फोन पुण्याच्या कॉल सेंटरला जातो, तिथून तुमच्या गाडीला, तुमच्याकडून परत कॉल सेंटरला आणि मग रुग्णालयाला. रुग्णालयात तो फोन कोण उचलतं? आमच्याकडं कित्येक वर्षं लँडलाईन केसपेपरच्या खिडकीत होती. रात्री तिथं एकच माणूस, समोर दहा नातेवाईक. तो ‘बरं बरं’ म्हणायचा, फोन ठेवायचा आणि निरोप तिथंच संपायचा. त्यानं मुद्दाम केलं असं नाही, त्याला त्या निरोपाचं काय करायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. अशा खिडकीत कितीही चांगलं अ‍ॅप वाजलं तरी काय होणार? शिवाय बालाघाटाच्या डोंगरात तुमच्या मोबाईलला रेंज किती असते ते तुम्हीच जाणता.

आम्ही केलं ते साधंच होतं. कॅज्युअल्टीचा एक मोबाईल ठेवला. तो ज्या सिस्टरची ड्यूटी तिच्या खिशात असतो, ड्यूटी बदलताना चार्जबरोबर हातोहात दिला जातो आणि चार्जबुकात तशी सही होते. तो नंबर आसपासच्या सगळ्या १०८ च्या डॉक्टरांकडं आणि ग्रामीण रुग्णालयांकडं आहे. तुम्ही कॉल सेंटरला कळवायचंच, ती नोंद लागते. पण गाडी हलली की एक फोन थेट इथंही करायचा.

फोनवर काय सांगायचं हे आधीच ठरलेलं असावं, कारण त्या वेळी ना तुमचं डोकं शांत असतं, ना माझं. ‘सिस्टर, मोठा अ‍ॅक्सिडेंट आहे, तयारी ठेवा’ या वाक्यावर मला काहीही करता येत नाही. कसली तयारी? त्याऐवजी असं सांगा: ‘१०८ चा डॉक्टर बोलतोय. ट्रॉली उलटली. तीन आणतोय. एक रेड, पोटाला मार, बीपी ऐंशी, शुद्धीत. दोन यलो, एकाची मांडी, एकाचा खांदा. पंचवीस मिनिटं लागतील. जागेवर अजून दोघं आहेत.’ रेड म्हणजे जिवाला लगेच धोका असलेला, यलो म्हणजे थोडा वेळ थांबू शकणारा. एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो. पण त्या पंचवीस मिनिटांत मी सर्जनला घरून बोलावते, एक्स-रेच्या टेक्निशियनला उठवते, ब्लड बँकेला सांगते, कॅज्युअल्टीत नुसते निरीक्षणासाठी पडलेले दोघं-तिघं वॉर्डात वर पाठवते आणि मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, दोन ट्रॉल्या दारात लावायला सांगते. यातलं सगळ्यांत जास्त वेळखाऊ काम सर्जन येण्याचं. ते तुम्ही दारात आल्यावर सुरू झालं तर रेड पेशंटचा अर्धा तास तिथंच गेला.

हे रुग्णालयावर अवलंबून आहे, हेही मान्य करते. ग्रामीण रुग्णालयात रात्री एक डॉक्टर, एक सिस्टर, फार तर एक मामा. तिथं तुम्ही कितीही आधी फोन केलात तरी सर्जन येणार नाही, कारण तो नाहीच. पोटात रक्तस्राव होत असलेल्या माणसाला तिथं उतरवून पुन्हा चढवण्यात अर्धा-पाऊण तास जातो. पण श्वास अडकत असेल, फीट थांबत नसेल, तर जवळचं ग्रामीण रुग्णालयच बरं, तेवढं सावरून पुढं निघा. हा निर्णय गाडीतल्या डॉक्टरचा. आपल्याकडं १०८ मध्ये डॉक्टर असतो. २०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभर ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स आणि ७०४ बेसिक, आणि डॉक्टर दोन्हींत. तुमच्या शब्दाला कॅज्युअल्टीत वजन असायला हवं, आणि आम्ही ते बऱ्याचदा देत नाही. तुम्ही बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे डॉक्टर आहात म्हणून तुमचं ऐकून न घेणारे लोक मी पाहिलेत. पेशंटला पहिल्या वीस मिनिटांत पाहिलेला डॉक्टर तुम्ही एकटेच असता, त्यापुढं डिग्रीचा वाद मला कधीच पटला नाही.

आता दाराकडं. मोठ्या अपघातात सगळ्यांत आधी कोण येतं? ज्यांना चालता येतं ते. जीप, पिकअप, मोटारसायकल, मिळेल त्यावर बसून ते तुमच्या आधी पोचतात. खरचटलेले, हात मोडलेले, भेदरलेले. तुम्ही रेड पेशंट घेऊन येता तेव्हा आतल्या खाटांवर हेच बसलेले असतात, आणि प्रत्येकाभोवती पाच नातेवाईक. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, तेव्हा मी सोलापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. माणसं ट्रकमधून, टेम्पोतून, एसटीतून येत होती. आम्ही पोरी जो समोर येईल त्याची जखम धुवायला बसत होतो. कुणाला आधी घ्यायचं हे आम्हाला शिकवलं नव्हतं, म्हणून जो ओरडत होता त्याच्याकडं आम्ही जात होतो. कोपऱ्यात एक बाई भिंतीला टेकून गप्प बसलेली होती. तिला पाणी हवंय का एवढंच मी विचारलं होतं. पुढं काय झालं ते लिहीत नाही. पण तेव्हापासून गर्दीत मी आधी गप्प बसलेल्याकडं जाते.

त्यासाठी दारात एक माणूस लागतो, जो उपचार करत नाही, फक्त बघतो आणि दिशा देतो. आमच्याकडं हे काम अनुभवी सिस्टर करते. नवीन इंटर्नला तिथं उभं केलं तर तो पहिल्याच जखमेत गुंततो. रंग ठरवायचे नियम तुम्हाला माहीत असतीलच, तरी तुमच्या ईएमटीसाठी, म्हणजे गाडीतल्या तंत्रज्ञासाठी, लिहिते. चालता येतंय तो ग्रीन. श्वासाची वाट मोकळी करूनही श्वास नाही, तो ब्लॅक. श्वास मिनिटाला तीसच्या वर, किंवा मनगटाची नाडी लागत नाही, किंवा ‘हात दाबा’ म्हटलं तरी दाबत नाही, यातलं एक जरी असेल तरी रेड. उरलेले यलो. एकाला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ नाही. ग्रीन लोकांना कॅज्युअल्टीत शिरूच द्यायचं नाही, त्यांच्यासाठी ओपीडीचा हॉल उघडायचा आणि तिथं एक इंटर्न, एक सिस्टर द्यायची. एवढ्यानंच निम्मा गोंधळ दारातून हटतो. आमच्याकडं छापील टॅग होते, पण ते कपाटात आणि कपाटाची किल्ली स्टोअरकीपरच्या घरी. आता आम्ही रंगीत रिबिनीची रिळं ट्रॉलीच्या खणात ठेवतो. गाडीत तुमच्याकडं काहीच नसेल तर पेशंटच्या हातावर मार्करनं ‘R’ काढा, वेळ लिहा. मला तेवढं पुरतं.

दारातली दुसरी अडचण तुमच्या पन्नास मिनिटांचं बहुधा खरं कारण असेल. तुमचं स्ट्रेचर. पेशंट तुमच्या स्ट्रेचरवर, आमच्याकडं रिकामी ट्रॉली नाही, त्यामुळं तो तुमच्याच स्ट्रेचरवर तपासला जातो, त्यावरच एक्स-रेला जातो आणि तुम्ही स्ट्रेचरशिवाय गाडी हलवू शकत नाही. पाठीचा कणा हलू नये म्हणून खाली घालतात त्या स्पाइन बोर्डाचंही तसंच. बोर्ड पेशंटच्या पाठीखाली अडकला की तो काढायला सर्जनची परवानगी लागते आणि सर्जन थिएटरमध्ये. यावर भांडण करून उपयोग नाही, अदलाबदल हवी. तुमचं स्ट्रेचर आत गेलं की त्याच क्षणी आमचं एक रिकामं बाहेर. आम्ही दोन जुनी स्ट्रेचरं दुरुस्त करून खास याच कामासाठी दारामागं ठेवलीत, ती वॉर्डात न्यायची नाहीत असा नियम आहे. आमचं स्ट्रेचर तुमच्या गाडीत नीट बसत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून बोर्डाच्या बदल्यात बोर्ड, चादरीच्या बदल्यात चादर, आणि पेशंट दहा मिनिटांत आमच्या ट्रॉलीवर उचलायचा. त्यासाठी चार माणसं लागतात आणि ती मामांच्या ड्यूटीत धरलेली असावी लागतात. रात्री नसतातच. तेव्हा सिक्युरिटीचे दोघं आणि तुमचा पायलट, म्हणजे ड्रायव्हर, असं आम्ही ठरवून घेतलंय.

ऑक्सिजन तर याहून नाजूक. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, आमच्या दारात गाड्यांची रांग लागायची, आत खाट नाही आणि गाडीतला सिलिंडर संपत आलेला. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात. मिनिटाला १० लिटरनं अडीच तास, १५ नं १०० मिनिटं. काटा निम्म्यावर असेल तर वेळही निम्मा. तेव्हा आम्ही एका ब्रदरला वही देऊन फक्त रांगेत फिरवलं. गाडीचा नंबर, पेशंटचं सॅच्युरेशन, काटा कुठं आहे, किती मिनिटं उरलीत. रांगेतला क्रम त्या वहीवरून ठरायचा, कोण आधी आलं यावरून नाही. लोक चिडायचे. पण गाडीच्या डॉक्टरला खरा आकडा सांगायची सवय लागली, कारण त्या आकड्यानं काहीतरी होतंय हे त्याला दिसत होतं. तुमच्याकडंही निघताना फोनवर काटा सांगत चला.

मग पेशंट सोपवणं. याच्यावर मी सगळ्यांत जास्त हट्ट धरते, आणि त्यामागं माझीच एक चूक आहे. एका सप्टेंबरच्या पुरात रात्री एका ग्रामीण रुग्णालयातून घोणस चावलेला शेतकरी आला. नातेवाईकांची गाडी ओढ्याच्या पाण्यामुळं मागंच अडकली होती. गाडीच्या डॉक्टरनं सगळं नीट सांगितलं, पण समोर जो पहिला पांढरा अ‍ॅप्रन दिसला त्याला. तो इंटर्न दुसऱ्याच पेशंटचं रक्त घेऊन लॅबला निघाला होता. रेफरची चिठ्ठी डॉक्टरच्याच खिशात राहिली, आणि ते पुढच्या कॉलला निघून गेले. मी त्यांना जाताना पाहिलं, थांबवलं नाही. रक्त गोठत नव्हतं, हिरड्यांतून येत होतं, आधी काय दिलंय हे सांगायला कुणी नव्हतं. आम्ही सर्पविषावरच्या इंजेक्शनच्या दहा व्हायल, म्हणजे बाटल्या, सुरू केल्या. तासाभरानं ग्रामीण रुग्णालयाला फोन लागला तेव्हा कळलं की दहा व्हायल तिथं आधीच दिल्या होत्या. गोठण्याची चाचणी सहा तासांनी पुन्हा करून मग ठरवायला हवं होतं. पेशंट वाचला. पण पहाटे दुसरा सर्पदंश आला आणि स्टोअरमध्ये पुरेसं इंजेक्शन नव्हतं. पाण्यातून माणूस तालुक्याला पाठवून आणावं लागलं. ते दोन तास मी विसरलेले नाही.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे. रेड पेशंट आत आला की उचलण्याआधी अर्धा मिनिट सगळे गप्प. फक्त गाडीचा डॉक्टर बोलतो आणि फक्त एकच माणूस ऐकतो, ड्यूटीवरचे सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचे डॉक्टर, किंवा मी. काय झालं आणि किती वाजता, काय सापडलं, आत्ता नाडी-बीपी-श्वास-शुद्ध कशी, काय दिलं आणि किती वाजता. ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचं: ‘दहा व्हायल, साडेनऊला सुरू, बरोबर?’ मी ते तिथंच फळ्यावर लिहिते, केसपेपर नंतर. छाती चालू नसेल, हृदय बंद असेल, तर अर्थातच काम सुरू ठेवून ऐकायचं. रक्त थांबवायला पट्टा बांधलेला असेल तर त्याची वेळ, विषबाधेत अ‍ॅट्रोपिनच्या किती अ‍ॅम्प्युल, हे चिठ्ठीत असलं तरी तोंडानं सांगा. चिठ्ठी पेशंटच्या उशाशी जाते, वाचायला कुणी हात लावेपर्यंत अर्धा तास जातो. आणि तुम्ही सही घेतल्याशिवाय जाऊ नका. आम्हाला कितीही घाई असली तरी.

तुमच्या हकिगतीतला एक मुद्दा मी शेवटापर्यंत ठेवला, कारण त्यावर माझं मत पुस्तकासारखं नाही. पुस्तकात असतं की पहिल्या गाडीनं पेशंट उचलून निघायचं नाही. तिच्या डॉक्टरनं जागेवर थांबायचं, मोजायचं, रंग ठरवायचे, किती गाड्या हव्यात ते सांगायचं आणि कोण कुठं जाईल हे वाटून द्यायचं. पुण्या-मुंबईत दुसरी गाडी दहा मिनिटांत येते, तिथं हे जमतं. आपल्याकडं दुसरी गाडी चाळीस मिनिटांवर असू शकते. पोटात रक्तस्राव होणाऱ्या माणसाला चाळीस मिनिटं रस्त्यावर ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही तिघांना घेऊन निघालात, त्यात मला चूक दिसत नाही. पण निघण्याआधी दोन मिनिटं खर्च करायला हवी होती. मागं राहिलेल्या दोघांपाशी एक जबाबदार माणूस ठेवायचा: पोलीस, होमगार्ड, गावचे पोलीस पाटील, कुणीही. त्याचा नंबर घ्यायचा, कॉल सेंटरला द्यायचा आणि मलाही. मग ते दोघं पिकअपमधून निघाले तरी मला कळतं, आणि त्यांना सगळ्यांनाच एका दारात न आणता एक लातूरला, एक अंबाजोगाईला असं वाटता येतं. सगळे जखमी जवळच्या एकाच रुग्णालयात ओतले की अपघात रस्त्यावरून उठून कॅज्युअल्टीत येतो.

ऊसतोड मजुरांच्या बाबतीत आणखी एक. त्यांची नावं सांगायला बऱ्याचदा सोबत कुणी नसतं, आणि फडावरचे लोक दुसऱ्या तालुक्यातले. टोळी घेऊन आलेल्या मुकादमाला शोधा. त्याच्याकडं कोयत्यांची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्यांची, यादी असते, गावं असतात, घरचे नंबर असतात. एकदा अशाच रात्री नऊ जणांची ओळख आम्हाला एका मुकादमाच्या वहीतून पटली. सोबत लेकरं असतात, ती मोजा. ट्रॉलीखाली लेकरू राहिलंय का हे आईलाच विचारा, ती शुद्धीत असेल तर.

पोलिसांच्या कागदांवरून दारात उशीर होत असेल तर तो चालवून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलंय की आधी जीव वाचवायचा, एमएलसीची, म्हणजे पोलिस केसच्या कागदांची, पूर्तता नंतर. आमच्याकडं हे वाक्य केसपेपरच्या खिडकीवर मराठीत लावलंय.

नातेवाईकांच्या गर्दीचं मी थोडक्यात सांगते. एक माणूस त्यासाठीच नेमायचा आणि दर पंधरा मिनिटांनी त्यानं बाहेर येऊन बोलायचं, सांगण्यासारखं काही नसलं तरी. माणसं बातमी नसल्यामुळं दार ढकलतात.

आता अ‍ॅपबद्दल. आलं तर वापरीन, माझा विरोध नाही. पण त्याआधी एक करा. एखाद्या निवांत दुपारी, कॉल नसताना, त्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत या. ज्यांनी तुम्हाला त्या रात्री झापलं त्या इन्चार्जना भेटा आणि विचारा: रात्री फोन कोण उचलतं, नंबर कुठला, ट्रॉल्या कुठं असतात, बदली बोर्ड मिळेल का. त्या रात्रीचा हिशेब दोघांनी मिळून कागदावर काढा. किती वाजता पोचलात, किती वाजता पेशंट खाली उतरला, स्ट्रेचर कधी मिळालं. राग येईल, त्यांनाही आणि तुम्हालाही. वेळा समोर असल्या की बोलणं माणसांवर न जाता अडकलेल्या जागेवर जातं. आम्ही दर मोठ्या घटनेनंतर दुसऱ्या दिवशी हे करतो, चहा येईपर्यंत उरकतं. आणि येताना पायलटला गाडीत बसवून ठेवू नका, आत आणा. स्ट्रेचरचं चाक कुठल्या उंबऱ्याला अडकतं ते त्याला आधी दिसतं. आमच्या दारातला रॅम्प एका पायलटनं सांगितल्यावरच फोडून नवा केला.